ओल्ड स्पाइसच्या परदेशी आवृत्त्या (जुनी शुल्टन, ब्रिटिश, युरोपियन) नक्की कशा शोधायच्या?

शिडाचं_गलबत

मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय.

मी कित्येक वर्षं ओल्ड स्पाइस ओरिजिनल हे आफ्टरशेव्ह (दाढीनंतर लावायचं सुगंधी द्रव) वापरतोय, म्हणजे ती गोव्यात परवान्यावर बनणारी, काचेच्या बाटलीतली. दुसरं काही लावून बघितलं तरी परत तिच्याकडेच येतो. मध्यंतरी एका मित्राने अमेरिकेतून तिथली प्लास्टिकच्या बाटलीतली आणून दिली, मोठ्या उत्साहाने उघडली आणि वास घेतल्यावर गोंधळलोच, कारण ओळखीचा वास होता पण त्यातलं लवंगेचं आणि ते पावडरीसारखं जे मागे राहतं ना, ते जवळजवळ नव्हतंच, सुरुवातीला अल्कोहोलचा झणका आणि मग पंधरा मिनिटांत सगळं शांत. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय की एकाच नावाच्या, एकाच बोधचिन्हाच्या दोन बाटल्यांत एवढा फरक असेल तर आणखी किती प्रकार असतील.

शोधायला लागल्यावर कळलं की लोक जुन्या शुल्टनच्या (ओल्ड स्पाइस मुळात काढणारी अमेरिकन कंपनी) बाटल्या गोळा करतात, कुणी ब्रिटिश शुल्टन शोधतं, कुणी युरोपातली, आणि बाहेरच्या देशांतले कितीतरी लोक उलट आपली गोव्याची बाटली शोधत असतात, कारण त्यांच्या मते ती मूळ वासाच्या जास्त जवळ आहे. हे वाचून तर अजूनच उत्सुकता वाढली.

तर प्रश्न असा की यातल्या कुठल्या आवृत्त्या खरंच वेगळ्या आहेत आणि शोधण्यासारख्या आहेत, जुनी बाटली कुठल्या काळातली हे कसं ओळखायचं, आणि मागवायची कशी, कारण बहुतेक विक्रेते देशाबाहेर पाठवत नाही म्हणतात. मला कपाटात मांडून ठेवायला नकोय, मला वास घ्यायचाय आणि जमलं तर दाढीनंतर लावायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

अत्तरकुपी

गलबत भाऊ, चांगला विषय काढलात. पहिली गोष्ट, "कुठल्या देशाची" या प्रश्नाने शोध सुरू करू नका. बाटली कुणी बनवली आणि कधी बनवली, हे दोन प्रश्न विचारा. एकाच देशातली १९६५ ची बाटली आणि २०१५ ची बाटली यांच्यात जेवढा फरक असतो तेवढा कधीकधी दोन देशांतल्या एकाच काळातल्या बाटल्यांमध्ये नसतो.

थोडी वंशावळ सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांनी १९३४ साली शुल्टन कंपनी काढली. १९३७ मध्ये पहिलं ओल्ड स्पाइस आलं ते बायकांसाठी होतं, "अर्ली अमेरिकन ओल्ड स्पाइस" या नावाने, आणि १९३८ मध्ये पुरुषांचं आलं. बाटलीवरची जहाजं म्हणजे नुसती सजावट नव्हती, ग्रँड टर्क आणि फ्रेंडशिप ही खरी अमेरिकन व्यापारी जहाजं होती, पुढे आणखीही जहाजांची नावं आली. सुरुवातीच्या बाटल्या तर काचेच्या नव्हत्याच, ओहायोतल्या हल पॉटरीने बनवलेल्या मातीच्या चकचकीत भाजलेल्या कुप्या होत्या, नंतर पांढरी दुधी काच आली. १९७० च्या सुमारास शुल्टन कंपनी अमेरिकन सायनामिडकडे गेली आणि जून १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ओल्ड स्पाइस विकत घेतलं. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत मूळ वासाला "क्लासिक सेंट" असं नाव दिलं गेलं, पांढरी काच जाऊन प्लास्टिक आलं आणि राखाडी बूच जाऊन लाल आलं. तुमच्या मित्राने आणलेली बहुधा याच्यानंतरची.

आता यातून शोधण्यासारखं काय, तर माझ्या मते तीन घराणी धरावीत. एक अमेरिकन शुल्टन, १९९० च्या आधीची. दुसरी ब्रिटिश शुल्टन, लेबलवर शुल्टन ग्रेट ब्रिटन असं लिहिलेलं असतं, इंग्लंडच्या उत्तरेला सीटन डेलवल इथे त्यांचा स्वतःचा कारखाना होता आणि पुढे तोही प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला. तिसरं घराणं परवान्यावाल्यांचं, ज्यात आपली गोव्याची येते. युरोपात आज मिळणारी ओरिजिनल हे चौथं म्हणा हवं तर, पण ती मिळवायला काही शोधाशोध लागत नाही, तिथून येणाऱ्या कुणालाही सांगितलं की झालं, त्यामुळे तिला दुर्मीळ म्हणवत नाही.

मला स्वतःला विचाराल तर ब्रिटिश शुल्टन सगळ्यात आवडते. अमेरिकन जुनीत दालचिनी आणि संत्र्याची साल पुढे येते, ब्रिटिशमध्ये कार्नेशनचं फूल जास्त आणि शेवटी व्हॅनिलासारखा गोडसर कोरडेपणा जो दुपारपर्यंत कॉलरला राहतो. पण हे माझ्या नाकाचं मत आहे, आणि बाटलीचं वयही त्यात मिसळलेलं असणार.

---

रसायनी

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, बाटलीचं वयही त्यात मिसळलेलं असतं. लोक चाळीस-पन्नास वर्षं जुनी बाटली उघडतात, आजच्या बाटलीशी तुलना करतात आणि म्हणतात बघा फॉर्म्युला कसा बदलला. पण तुम्ही फॉर्म्युल्याची तुलना करतच नसता, तुम्ही एका म्हाताऱ्या द्रवाची आणि एका ताज्या द्रवाची तुलना करत असता. संत्रं, लिंबू वगैरे हलके घटक सगळ्यात आधी उडतात आणि ऑक्सिडाइझ होतात, अल्कोहोल बुचातून हळूहळू जातं, त्यामुळे उरलेलं जास्त दाट, जास्त मसालेदार, जास्त गोड वाटतं. व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे रंगही गडद होत जातो. म्हणजे जुन्या बाटलीत जे "खोल" वाटतं त्यातलं काही प्रमाण निव्वळ वयाचं असतं.

पण फॉर्म्युले बदलले हेही खरंच आहे आणि त्याला कारणं आहेत. मसालेदार वासाचे आफ्टरशेव्ह ज्या घटकांवर उभे असतात ते नेमके त्वचेला ॲलर्जी आणणारे निघाले. लवंगेतलं युजेनॉल, कार्नेशनच्या वासात लागणारं आयसोयुजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमल. या सगळ्यांवर सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इफ्राने, कमाल प्रमाणाच्या मर्यादा घातल्या, आणि आयसोयुजेनॉल, सिनॅमल यांच्या मर्यादा तर खूपच कडक आहेत. मालक बदलला म्हणून वास पातळ झाला असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, कुणीही मालक असता तरी हे घटक कमी करावेच लागले असते.

आता याचा शोधायला काय उपयोग ते सांगतो. मागचं लेबल हे बाटलीचं जन्मतारखेचं सर्टिफिकेट समजा. अमेरिकन बाटलीवर घटकांची यादीच नसेल तर ती बहुतेक १९७७ च्या आधीची, कारण साधारण तेव्हापासून तिथे सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापणं सक्तीचं झालं. बारकोड नसेल तर तीही जुनी असण्याचीच खूण, दुकानात पहिला बारकोड १९७४ मध्ये वाचला गेला आणि सगळीकडे पसरायला बरीच वर्षं गेली. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर १९६३ च्या आधीची असूच शकत नाही. युरोपियन बाटलीवर लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल, कुमारिन अशी ॲलर्जीकारक घटकांची नावं वेगळी छापलेली असतील तर ती २००५ च्या आसपासची किंवा नंतरची. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२एम, २४एम, ३६एम (म्हणजे उघडल्यावर किती महिने वापरायचं) असं काही असेल तर तेही त्याच काळापासूनचं. आणि यादीत ब्युटाइलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हा सुगंधी घटक दिसला तर ती युरोपियन बाटली १ मार्च २०२२ च्या आधी बनलेली, कारण त्या दिवसापासून युरोपीय संघात ते बंद आहे, बाजारात लिलिअल म्हणून ओळखलं जायचं ते हेच. हे कुठल्याही ब्रँडच्या आफ्टरशेव्हला लागू पडतं, फक्त ओल्ड स्पाइसला नाही.

बारकोडवरून देश ओळखायला जाऊ नका मात्र. ८९० म्हणजे भारत, ५० म्हणजे ब्रिटन, ४०० ते ४४० जर्मनी, ८०० ते ८३९ इटली हे बरोबर आहे पण तो आकडा कंपनीने नोंदणी कुठे केली ते सांगतो, माल कुठे भरला ते नाही.

आणि एक कळकळीची सूचना. फार जुनं आफ्टरशेव्ह ताज्या दाढीवर चोपडू नका. मस्क अ‍ॅम्ब्रेट नावाचा कृत्रिम कस्तुरीचा घटक त्या काळी बऱ्याच आफ्टरशेव्हमध्ये असायचा, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून डॉक्टरांना असे पुरुष रुग्ण दिसायला लागले की ज्यांना उन्हात गेल्यावर नेमक्या दाढीच्या भागावर पुरळ यायचं, आणि कारण हेच निघालं. नंतर तो बंद झाला. तुमच्या बाटलीत तो आहे की नाही हे घटकांची यादीच नसेल तर कळणार कसं? आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावा, एक-दोन दिवस बघा, चेहऱ्यावर लावायचंच असेल तर त्यानंतर. मी तर जुनं सगळं शर्टाच्या आतून छातीला लावतो, जिथे ऊन लागत नाही.

---

शिडाचं_गलबत

बापरे, दोघांनीही एवढं सविस्तर लिहिलंय, मनापासून आभार. रसायनी, लेबलवरून तारीख काढायची ही पद्धत मला माहीतच नव्हती.

एक दाखवायचं होतं. परदेशी लिलावाच्या साइटवर एक बाटली आहे, पांढरी काच, राखाडी शंकूसारखं बूच, समोर लाल अक्षरं आणि निळं जहाज, विक्रेता म्हणतो साठच्या दशकातली शुल्टन, जवळपास भरलेली. फोटो दोनच आहेत, एक समोरून आणि एक तिरका. मागचं लेबल किंवा बूड दिसत नाही. पाठवणार फक्त त्याच्या देशात, पण तिथे माझा आतेभाऊ राहतो, त्याच्या पत्त्यावर मागवता येईल. घ्यावी का?

---

जुनाबाजार

थांबा, लगेच बोली लावू नका.

मी जुन्या बाटल्या गोळा करतो, फक्त आफ्टरशेव्ह नाही तर सगळ्याच, आणि ओल्ड स्पाइसच्या बाबतीत एक अडचण आहे जी बाकी कुठल्या अत्तराच्या बाबतीत एवढी नाही. ते बूच नुसतं दाबून बसवलेलं असतं, वळवलं की निघतं, दाबलं की बसतं, कुठलंही सील नाही. त्यामुळे रिकामी जुनी बाटली घेऊन तिच्यात आजचं आफ्टरशेव्ह ओतणं कुणालाही जमतं, आणि काच पांढरी असल्यामुळे आत काय आहे ते फोटोत कधीच दिसत नाही. प्रत्येक वेळी फसवायचाच हेतू असतो असं नाही हं, घरातल्या कुणीतरी वर्षानुवर्षं तीच बाटली परत भरून वापरलेली असते आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. पण तुमच्या दृष्टीने परिणाम एकच, बाटली १९६० ची आणि पोटात २०१० चं पाणी.

विक्रेत्याला काय विचारायचं ते सांगतो. आधी बुडाचा फोटो, चांगल्या उजेडात. मग मागच्या बाजूचा, तिथे शुल्टनचा पत्ता, न्यूयॉर्क टोरंटो असं काही किंवा क्लिफ्टन न्यू जर्सी, झिप कोड आहे का ते. मग सांगायचं की अंधाऱ्या खोलीत बाटलीच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरून फोटो काढ. दुधी काचेतून उजेड थोडा झिरपतो आणि द्रवाची पातळी एका काळसर रेघेसारखी दिसते, अगदी स्वच्छ. मातीच्या जुन्या कुपीत हे जमत नाही, तिथे हलवून आवाजच ऐकावा लागतो. आणि शेवटचं, पांढऱ्या टिश्यू पेपरवर दोन थेंब टाकून त्याचा फोटो. खरोखर जुनं असेल तर डाग सोनेरी-तपकिरी दिसतो, आजचं भरलेलं असेल तर फिका. हा पक्का पुरावा नाही पण बाकीच्या खुणांशी जुळला तर विश्वास वाढतो.

पातळी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर मला उलट शंका येते. एवढ्या वर्षांत बुचातून थोडं तरी उडणारच. खोक्यासकट, कधीच न उघडलेली, बुचावर कारखान्याचं वेष्टण शाबूत असलेली बाटली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तशा मिळतात, विशेषतः सणाला भेट द्यायचे ते गिफ्ट सेट, कारण लोक ते माळ्यावर ठेवून विसरून जायचे. मी तर सुट्ट्या बाटलीपेक्षा गिफ्ट सेटच शोधतो. त्यात आफ्टरशेव्ह, टाल्कम, कधी कोलोन असं एकत्र असतं, आणि खोक्यामुळे उजेड लागलेला नसतो. खोक्यावरच्या मजकुरावरून काळही चांगला कळतो.

हे फोटो द्यायला विक्रेता तयार नसेल तर सोडून द्या. या बाटल्या दुर्मीळ असल्या तरी संपलेल्या नाहीत, लाखांनी बनल्या होत्या त्या, दुसरी येईल.

---

रोजची_दाढी

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका कुणी.

गलबतने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की मला लावायचंय. मग पन्नास वर्षं जुन्या बाटल्यांच्या मागे कशाला लागायचं? लावायला हवं असेल तर आज ताजी बनणारी पण दुसऱ्या हातांनी बनणारी आवृत्ती शोधायची, खरी मजा त्यात आहे. ब्रुट या दुसऱ्या जुन्या आफ्टरशेव्हचं उदाहरण बघा. १९६४ मध्ये फॅबर्जेने काढलं, १९८९ मध्ये फॅबर्जे युनिलिव्हरकडे गेली, आणि २००३ मध्ये अमेरिका खंडापुरते हक्क हेलन ऑफ ट्रॉय या कंपनीने घेतले. म्हणजे नाव एक, हिरवी बाटली एक, पण अटलांटिकच्या अलीकडे एक कंपनी आणि पलीकडे दुसरी. मी दोन्हीकडची ब्रुट शेजारी ठेवून वापरली आहे, युरोपातली काचेच्या बाटलीतली माझ्या नाकाला जास्त भरीव लागते, त्यात लॅव्हेंडर आणि शेवटची ती पावडर नीट जाणवते, तर पलीकडची प्लास्टिकमधली साबणासारखी स्वच्छ पण लवकर संपणारी. दोन्ही ताज्या, दोन्ही बिनधास्त चेहऱ्यावर लावण्यासारख्या.

फ्लोइड घ्या, स्पेनमधलं, मेंथॉलचं. पित्रालॉन घ्या, जर्मनीतलं जुनं नाव, त्याची स्विस आवृत्ती वेगळी आहे आणि लोक दोन्हींसाठी तितकेच वेडे आहेत. अ‍ॅक्वा वेल्व्हा अमेरिकेत एका कंपनीची, युरोपात वेगळ्यांची. अशा प्रत्येक जुन्या आफ्टरशेव्हचं हेच आहे, हक्क प्रदेशाप्रमाणे विकले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने फॉर्म्युला सांभाळला किंवा बदलला. त्यामुळे शोधताना ब्रँडचं नाव टाकून थांबू नका, त्या देशातल्या भाषेत आफ्टरशेव्हला जे म्हणतात ते टाका. जर्मनसाठी रासिअरवासर, इटालियनसाठी दोपोबार्बा, पोलिशसाठी वोदा पो गोलेन्यू, झेकसाठी वोदा पो होलेनी, त्यांच्या लिपीत अर्थातच. इंग्रजीत शोधलं तर तेच चार मोठे विक्रेते येतात ज्यांनी भाव आधीच चढवून ठेवलेत, स्थानिक भाषेत शोधलं की छोटी औषधांची आणि न्हाव्यांच्या सामानाची दुकानं सापडतात जिथे ती वस्तू दुर्मीळ नसतेच, रोजची असते. माझ्या अनुभवात अवघड वाटणारं निम्मं सामान फक्त चुकीच्या भाषेत शोधल्यामुळे अवघड झालेलं असतं.

---

जुनाबाजार

रोजची दाढी, भाषेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण जुन्या बाटलीचा वास घेण्यात जे आहे ते ताज्या ब्रुटमध्ये नाही राव. ज्याने १९८० ची शुल्टन एकदा हुंगली आहे त्याला कळतं की आजची कशाची सावली आहे ते.

---

अत्तरकुपी

दोघंही बरोबर आहात, पण गलबतसाठी मधला रस्ता आहे. पूर्ण बाटली घेऊच नका, डिकँट मागा. जुन्या आफ्टरशेव्हच्या संग्राहकांचे गट असतात, तिथे लोक आपल्या बाटलीतून सिरिंजने पाच-दहा मिली काढून छोट्या काचेच्या कुपीत देतात, बदल्यात तुमच्याकडचं काहीतरी घेतात. आणि तुमच्याकडे देण्यासारखं आहे! गोव्याची बाटली बाहेरच्या लोकांना हवी असते, तुम्हीच लिहिलंय ना वर. पैशाच्या व्यवहारापेक्षा अशी अदलाबदल केव्हाही चांगली, समोरचा माणूस आपल्यासारखाच वेडा असतो त्यामुळे द्रवाबद्दल खरं सांगतो. पाच मिली म्हणजे चार-सहा वेळा लावायला पुरतं, तेवढ्यात कळतं की या आवृत्तीच्या मागे जायचंय की नाही.

डिकँट घेताना फक्त एक बघा, आफ्टरशेव्ह आहे की कोलोन ते नीट विचारा. जुन्या ओल्ड स्पाइसच्या दोन्ही बाटल्या लांबून सारख्याच दिसतात, वास त्याच कुळातला पण कोलोनमध्ये सुगंधी तेल जास्त. कुणी कोलोन हुंगून म्हणतो जुनं आफ्टरशेव्ह किती दमदार होतं, आणि तुलना तिथेच फसते.

---

दूरचं_सामान

पाठवण्याबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितोय, माझं काम याच क्षेत्रातलं आहे.

विक्रेते देशाबाहेर पाठवत नाहीत ते आडमुठेपणाने नाही. अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह हे वाहतुकीच्या भाषेत ज्वलनशील द्रव, वर्ग ३ मध्ये येतं, सुगंधी उत्पादनांचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १२६६. अमेरिकेची पोस्ट असं सामान परदेशी घेतच नाही, ब्रिटनची रॉयल मेल देशांतर्गत घेते, एका बाटलीत १५० मिलीपर्यंत आणि एका पार्सलमध्ये जास्तीत जास्त चार, पण देशाबाहेर नाही. म्हणजे ज्यांनी "काही होत नाही, मी पाठवतो" म्हणत नुसतं गिफ्ट असं लिहून टाकलं त्यांचं पार्सल स्कॅनरवर अडकलं तर ते परत येत नाही, नष्ट होतं. कुरियर कंपन्यांतून धोकादायक माल म्हणून रीतसर पाठवता येतं पण त्याचं पॅकिंग आणि कागदपत्रं एका बाटलीसाठी परवडणारी नसतात.

डिकँटची अदलाबदल पोस्टाने करायची म्हटली तरी नियम तोच आहे, पाच मिली असो की पाचशे. त्यामुळे अदलाबदल करणाऱ्यांशी आधीच ठरवून घ्या की कुणी प्रवास करणारं आहे का.

कारण सगळ्यात सोपा आणि कायदेशीर रस्ता तोच आहे, प्रवासी. विमानात प्रसाधनाच्या वस्तू एका माणसाला एकूण २ लिटर किंवा २ किलोपर्यंत चालतात आणि एक बाटली ५०० मिलीच्या वर नको, यात आफ्टरशेव्ह, डिओ सगळं धरून. हातातल्या बॅगेत बऱ्याच विमानतळांवर अजूनही १०० मिलीचीच मर्यादा आहे, आणि ती बाटलीच्या आकारावर मोजतात, आत किती उरलंय त्यावर नाही. जुन्या बाटल्या बहुतेक १०० मिलीपेक्षा मोठ्या असतात म्हणून चेक-इनमध्येच टाका. अर्धी भरलेली मोठी बाटली हातात घेऊन गेलेल्याची सुरक्षा तपासणीत गेलेली मी पाहिली आहे.

आणि पॅकिंग. ते दाबून बसवलेलं बूच विमानातल्या दाबाने ढिलं होऊ शकतं. ते काढून बाटलीच्या तोंडावर दुहेरी प्लास्टिकची फिल्म ताणून लावा, वरून बूच घट्ट बसवा, मग बुचाच्या आणि गळ्याच्या सांध्यावर इलेक्ट्रिकची टेप गोल गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला, ती पिशवी मोज्यात आणि मोजा बुटात. बाटली उभीच राहील असं समजू नका, कशीही पडली तरी गळू नये असंच बांधा. द्रव जास्त मोलाचा असेल तर सरळ घट्ट झाकणाच्या काचेच्या कुपीत काढून घ्या आणि जुनी बाटली रिकामी आणा.

---

शिडाचं_गलबत

काय बोलू, एवढी माहिती एका धाग्यात मिळेल असं वाटलं नव्हतं.

विक्रेत्याला निरोप टाकला होता, बुडाचा आणि टॉर्चचा फोटो मागितला. त्याने मागच्या बाजूचा फोटो पाठवला, त्यावर घटकांची यादी आहे आणि बारकोडही आहे. म्हणजे रसायनींच्या हिशोबाने साठच्या दशकातली नक्कीच नाही. पत्ता मात्र शुल्टनचाच आहे, प्रॉक्टर अँड गॅम्बलचं नाव कुठेही नाही. टॉर्चच्या फोटोत पातळी खांद्याच्या जरा खाली दिसतेय, आणि टिश्यूवरचा डाग मधासारखा. त्याला तसं सांगितलं तर तो बिचारा प्रामाणिक निघाला, म्हणाला आजोबांच्या घरातून मिळाली, साठची असेल असा अंदाज केला होता. आता काय करू?

---

रसायनी

यादी आणि बारकोड दोन्ही, आणि नाव शुल्टनचं. म्हणजे साधारण सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून १९९० पर्यंतची. घटकांच्या यादीचा जवळून फोटो इथे टाका, एसडी अल्कोहोलच्या (प्रसाधनांत घालतात ते न पिण्याजोगं केलेलं अल्कोहोल) पुढे काय काय लिहिलंय ते बघू. अमेरिकेत सुगंधातले घटक वेगळे छापत नाहीत, नुसतं "फ्रेग्रन्स" असतं, त्यामुळे फार हाती लागणार नाही, पण रंग घातलेला असेल तर तो यादीत दिसेल आणि मग टिश्यूवरच्या डागाला काही अर्थ उरत नाही.

---

जुनाबाजार

घ्या. साठच्या नावाखाली जो भाव लावलाय तो कमी करायला सांगा, खुणा त्यानेच दाखवल्या आहेत त्यामुळे ऐकेल. शुल्टनच्या शेवटच्या वर्षांतली बाटली आहे, वापरायला हीच सगळ्यात चांगली, कारण साठच्या मानाने द्रव कमी म्हातारा. बूच काढायला आतेभावाला घाई करू देऊ नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, सरळ ओढलं की कड तुटते. आधी गळ्याभोवती कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ धरायचं, मग हलक्या हाताने वळवत काढायचं.

---

रोजची_दाढी

आणि आतेभाऊ तिथे आहेच तर तिथली आजची काचेची ब्रुट मिळत असेल तर तीही बॅगेत टाकायला सांगा, दोन लिटरची मुभा आहे. आल्यावर तिन्ही ओल्ड स्पाइस, म्हणजे गोव्याची, प्लास्टिकवाली आणि ही शुल्टन, वेगवेगळ्या दिवशी लावून बघा, एकाच दिवशी एका हातावर नको, नाक थकतं. एक तास, चार तास आणि संध्याकाळी काय उरलं ते लिहून ठेवा आणि इथे टाका, मला गोव्याच्या आणि शुल्टनच्या चार तासांनंतरच्या वासात फरक किती राहतो ते खरंच वाचायचंय.

---

शिडाचं_गलबत

भाव उतरवून दिला त्याने, घेतली. आतेभाऊ पुढच्या वेळी येताना चेक-इनमधून आणतोय, फिल्म आणि टेपचं त्याला आत्ताच समजावून सांगितलं. यादीचा फोटो हाती आला की इथे टाकतो, रसायनी तुम्ही बघाच.